कुठल्या रानातला?

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालं की वीज केंद्राची धुरांडी बरीच आधी दिसायला लागतात. त्या वाटेवरच्या एखाद्या जुन्या झाडाखाली संध्याकाळी थांबून मान वर करून बघा. ढोलीच्या तोंडाशी हिरव्या पोपटांची भांडणं चाललेली असतात. आता समजा, त्याच गावात कुणी निळ्या-पिवळ्या मकाऊची जोडी घरात आणून ठेवली. हा पक्षी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांचा, किंमत लाखाच्या घरात, चोच अशी की कठीण कवचाची फळं फोडावीत. एकानं झाडावरचा पोपट पिंजऱ्यात घातला आणि दुसऱ्यानं हा मकाऊ पाळला, तर वनखात्याची माणसं कुणाच्या दारात उभी राहतील?

पोपटवाल्याच्या. आपला साधा पोपट आज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो पकडला, विकला किंवा पाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मकाऊ मात्र सरकारदरबारी रीतसर नोंदवून उघडपणे पाळता येतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे सगळं उलटं वाटतं. ज्योतिषाच्या पोपटापासून आजीच्या मिठूपर्यंत, पोपट पाळणं हा आपल्याकडे कधी गुन्हा वाटलाच नाही. पण या कायद्याच्या पोटात शिरलं की त्यामागचा विचार दिसू लागतो, आणि मला तो फार सुंदर वाटतो. प्राणी किती दुर्मीळ, किती महाग किंवा किती धोकादायक, हे कायदा पुढे विचारतो. आधी विचारतो, हा कुठल्या रानातला? आपल्या रानातला असेल तर त्याची जागा रानातच. परक्या रानातला असेल तर तिथून तो कसा निघाला आणि तुझ्यापर्यंत कसा पोचला, त्याचा कागद दाखव.

आपल्या रानाचं आधी बघू. १९७२ च्या कायद्याचं ३९ वं कलम सांगतं की कायदा मोडून पकडलेला, पाळलेला किंवा मारलेला वन्य प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता. म्हणजे ज्यानं तो पिंजऱ्यात ठेवला, त्याची त्यावर मालकी कधी बसतच नाही. पूर्वीपासून ज्यांच्याकडे असे प्राणी किंवा त्यांची कातडी-शिंगं होती, त्यांना ती जाहीर करायची शेवटची संधी २००३ साली १८० दिवसांसाठी दिली गेली. त्यानंतर तो दरवाजा बंद झाला. मुनिया, मैना, घुबड, मुंगूस, घोरपड, नाग, चांदणी कासव, यांतलं काहीही आज घरात ठेवता येत नाही. चांदणी कासव घरात असलं की भरभराट होते, या समजुतीपायी हजारो कासवं टबांत आणि काचेच्या पेट्यांत गेली. आज ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा केला तर किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद. दंड वेगळा.

हत्तीची गोष्ट निराळी. मालकीचं प्रमाणपत्र असेल तर हत्ती अजूनही खासगी ताब्यात राहू शकतो. पण तो कागदही अंतिम नसतो, हे कोल्हापूर जिल्ह्यानं २०२५ च्या जुलैमध्ये अनुभवलं. नांदणी मठाची महादेवी हत्तीण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारा केंद्रात गेली. लोक रस्त्यावर आले, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते प्रेम खरंच होतं. न्यायालयानं मात्र मठाच्या परंपरेपेक्षा हत्तिणीच्या चांगल्या जगण्याचा हक्क वरचा धरला.

नाशिककरांना हा विचार पुस्तकातून शिकायची गरज पडत नाही, कारण इथे बिबट्या आहे. दारणा-गोदावरीच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात डोळेही नीट न उघडलेले बछडे सापडतात. मांजराच्या पिल्लाएवढा जीव हातात आला की घरी नेऊन दूध पाजावंसं वाटणं अगदी माणसासारखं आहे. पण वनखातं आणि त्याच्यासोबत काम करणारी माणसं ते बछडे तपासून, उघडता येईल अशा खोक्यात घालून त्याच फडाच्या कडेला ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब जातात. रात्री मादी येते. खोक्याचा वास घेते, एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते. २०२० च्या ऑगस्टमध्ये तर इगतपुरी परिसरातल्या एका झोपडीतच बिबट्याची मादी व्यायली होती, चार पिल्लं. तिला कुणी हुसकावलं नाही. दूध पाजायला पिल्लांची आई आहे, एवढंच कायद्याला म्हणायचं असतं, आणि तिथे ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं.

आता परकं रान. तिथला प्राणी आपल्याकडे यायला एके काळी कागदच लागत नसे. कोल्हापूर संस्थानात काळवीटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत. भारतातले चित्ते संपत आले तशी संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते मागवायला सुरुवात केली. वन्यजीव इतिहासकार दिव्यभानुसिंह यांनी हा सगळा व्यवहार शोधून काढला आहे. त्यांच्या हिशेबानं १९१८ ते १९४५ या काळात सुमारे २०० आफ्रिकी चित्ते भारतात आले, आणि मागवणाऱ्यांत कोल्हापूर आणि भावनगर आघाडीवर होते. जहाजातून चित्ता उतरवायचा, गाडीत घालायचा, कोल्हापूरला न्यायचा. केनियातल्या एका माळावरून तो कमी झाला, याची नोंद कुठेच नाही. त्यानंतर २०२२ साली नामिबियातून चित्ते कुनोला आले, तेव्हा दोन देशांतले करार, आरोग्य तपासण्या, निर्यातीचे परवाने, विलगीकरण, असा कागदांचा ढीग त्यांच्याबरोबर होता. या दोन प्रवासांच्या मध्ये जगात वन्य जातींच्या व्यापाराविषयी एक करार झाला.

३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्या करारावर सह्या झाल्या. त्याचं आद्याक्षरी नाव साइटिस. १९७५ साली तो लागू झाला, भारत १९७६ साली त्यात आला, आणि आज १८० हून अधिक देश त्यात आहेत. त्याच्या तीन परिशिष्टांत प्राणी आणि वनस्पती मिळून सुमारे चाळीस हजार जाती आहेत. पहिल्या परिशिष्टात नामशेष व्हायच्या उंबरठ्यावरच्या जाती. दुसऱ्यात अशा जाती की ज्यांच्या व्यापारावर नजर ठेवली नाही तर त्या उंबरठ्यावर येतील. तिसऱ्यात एखाद्या देशानं आपल्या जातीसाठी मागितलेली मदत. पण हा करार सीमेवर काम करतो. प्राणी एकदा देशात शिरला की घराघरांत त्याला विचारणारा कायदा भारतात बरीच वर्षं नव्हता. बंदरावर, विमानतळावर चुकवलं की पुढे कुणी विचारत नसे. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, आणि साइटिसची यादी चौथी अनुसूची म्हणून आपल्या कायद्यात आली. त्या दिवसापासून मुंबईच्या एखाद्या फ्लॅटमधला इग्वाना आणि एकलहऱ्याच्या घरातला मकाऊ कायद्याच्या नजरेत आला.

ही यादी वाचणं हा एक विलक्षण अनुभव आहे. जगातले जवळजवळ सगळे पोपट दुसऱ्या परिशिष्टात आहेत, किंवा त्याहून वर. ग्रे म्हणून ओळखला जाणारा आफ्रिकेतला करडा पोपट २०१७ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. घानामध्ये १९९२ पासूनच्या काळात त्याची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांना आढळलं. माणसासारखं बोलतो, हाच त्याचा घात. मग यादीतून वगळलेले कोण? फक्त चार पोपट. बजरी, कॉकटेल, पीचफेस लव्हबर्ड आणि, आश्चर्य म्हणजे, आपला हिरवा पोपट. बजरी ऑस्ट्रेलियात लाखोंच्या थव्यांनी उडते आणि पिंजऱ्यातल्या बजरी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या आहेत. १८४० साली पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत बजरी इंग्लंडला नेल्या आणि तेव्हापासून हा पक्षी जगभर घरात वाढतो आहे. म्हणून बजरीला आणि कॉकटेलला नोंदणी लागत नाही. पण पक्ष्यांच्या दुकानात पीचफेसच्या शेजारच्याच पिंजऱ्यात बसलेला फिशर लव्हबर्ड दुसऱ्या परिशिष्टात आहे. उंची तेवढीच, किलबिल तशीच, किंमत जवळपास सारखी, आणि एकाला नोंदणी लागते, दुसऱ्याला नाही. आपला हिरवा पोपट जागतिक यादीत नसला तरी देशी कायद्यात पक्का बांधलेला आहे. त्याचे निळे, पिवळे रंगप्रकार परदेशी म्हणून विकले जातात, पण अनुसूचीत जातीचं नाव लिहिलेलं असतं, पिसांचा रंग नाही. घेणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

यादीत फक्त पक्षी आणि साप नाहीत. भरभराटीसाठी दिवाणखान्यात ठेवला जाणारा आशियाई अरोवाना मासा पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या बरोबरीनं. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियातल्या नोंदणीकृत शेतांत तो वाढवतात आणि प्रत्येक माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप घालतात. माशाबरोबर त्या चिपच्या क्रमांकाचं प्रमाणपत्र येतं. काचेच्या टाकीत फिरणाऱ्या माशाला स्वतःचा क्रमांक आणि जन्मगाव असतं, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

मग प्रश्न उरतो की पिंजऱ्यातला पक्षी पिंजऱ्यातच जन्मला, हे ओळखायचं कसं? पक्षी पाळणाऱ्यांची यावरची युक्ती जुनी आहे आणि इतकी साधी की कौतुक वाटतं. तिला क्लोज रिंग म्हणतात. ही अखंड धातूची बारीक कडी असते, तिला सांधा नसतो. पिल्लू काही दिवसांचं असताना त्याची मऊ बोटं जुळवून ती पायात सरकवतात. पाय वाढतो, कडी वाढत नाही. मग ती काढता येत नाही, आणि मोठ्या पक्ष्याच्या पायात नव्यानं घालताही येत नाही. म्हणजे पायात अखंड कडी असलेला पक्षी अगदी पिल्लू असताना माणसाच्या हाताखाली होता, हे त्याचा पायच सांगतो. रानातून पकडलेल्या मोठ्या पक्ष्याला हा पुरावा कुणी देऊ शकत नाही. अशी ओळखीची खूण खोडणं, काढणं हा नव्या कायद्यात गुन्हा आहे.

परवान्यावर आणखी एक अक्षर असतं, प्राण्याच्या उगमाचं. रानातून धरलेल्याला एक अक्षर, पिंजऱ्यात पैदास झालेल्याला दुसरं. दुसरं अक्षर मिळवायला नुसतं बंदिवासात जन्मून भागत नाही. ज्या पैदासकेंद्रात तो जन्मला, तिथे नातवंडांपर्यंत पिढी चालते हे साधारणपणे दाखवावं लागतं. कारण रानातून गाभण मादी धरून आणायची आणि तिची पिल्लं घरची म्हणून विकायची, ही चलाखी करार लिहिणाऱ्यांनी आधीच ओळखली होती.

भारतात आजचा नियम असा आहे. चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे, त्यानं त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायची. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी हे नियम आले, जुन्या मालकांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. ती संपली आहे. आता प्राणी हाती आल्यापासून ३० दिवसांत नोंद हवी. पिल्लं झाली तर कळवायचं, प्राणी दुसऱ्याला दिला तर कळवायचं, मेला तरी कळवायचं. पहिल्या परिशिष्टातल्या जातीची पैदास करायची असेल, उदाहरणार्थ करड्या पोपटाची, तर वेगळा परवाना लागतो. विकणाऱ्या दुकानाला २०१८ च्या नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते.

याच्याही आधी, २०२० च्या जूनमध्ये, केंद्रानं एक सवलत जाहीर केली होती. सहा महिन्यांत आपणहून प्राणी जाहीर करा, कागद मागणार नाही. देशभरातून तीस हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केले. कुणाला कल्पनाही नव्हती की आपल्या गच्च्यांवर आणि बैठकीच्या खोल्यांत एवढं परकं रान नांदतं आहे. ती सवलत आवश्यक होती असं माझं मत आहे. नाहीतर भीतीपोटी लोकांनी प्राणी रातोरात सोडून दिले असते. पण तिची किंमतही मोठी आहे. तस्करीनं आलेला आणि सरळ मार्गानं आलेला, दोघेही एकाच नोंदवहीत शेजारी बसले. अशी माफी एकदा देता येते. ती पुन्हा मागणाऱ्यांना सरकारनं ठाम नकार द्यावा.

कारण आवक थांबलेली नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. २०२५ च्या जूनमध्ये थायलंडहून आलेल्या एकाकडे चाळीसहून अधिक विषारी साप निघाले. पहिल्या घटनेत एक बारकावा आहे. बॉल पायथन साइटिसच्या यादीत आहे, कॉर्न स्नेक नाही. पण यादीत नसलेला प्राणीही बॅगेत घालून आणता येत नाही. परदेशी जिवंत प्राणी आणायला आयातीचा परवाना लागतो, विलगीकरण केंद्रात तपासणी लागते. यादीत नाही म्हणजे मोकळं रान, असा अर्थ होत नाही.

हाच प्रश्न दुसऱ्या देशांनी कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. लंडनमधल्या हॅरॉड्स या दुकानात १९६९ साली सिंहाचा छावा विकत मिळाला होता. दोन तरुणांनी तो घेतला, ख्रिश्चन नाव ठेवलं, शहरात वाढवला. शेवटी त्याला केनियात सोडावं लागलं. १९७६ साली ब्रिटननं धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा केला. तो आधी विचारतो की हा प्राणी शेजाऱ्याला मारू शकेल का? ऑस्ट्रेलिया तर आपल्या बरोबर उलट आहे. मेलबर्नला स्थायिक झालेलं एखादं मराठी कुटुंब परवाना काढून तिथला देशी अजगर पाळू शकतं, पण हॅमस्टर पाळू शकत नाही. क्वीन्सलँडमध्ये साधा ससाही घरात ठेवता येत नाही, अपवाद संशोधकांचा आणि जादूगारांचा. त्यांनी ससे मोकळे सुटल्यावर काय होतं ते दीडशे वर्षं भोगलं आहे. आम्ही देशी प्राण्याला हात लावू नका म्हणतो, ते परक्याला दारात घेऊ नका म्हणतात. दोघांची भीती खरी आहे, आणि मला वाटतं त्यांच्या भीतीकडे आपण फार कमी लक्ष दिलं.

ते का, हे समजायला गोदावरीकडे यावं लागतं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं छोटं कासव मत्स्यालयांच्या दुकानात काही रुपयांत मिळतं, नाण्यापेक्षा थोडं मोठं. ते अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. पिल्लांपासून मुलांना जंतुसंसर्ग होतो म्हणून अमेरिकेनं १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी केली. आपल्याकडे ते टाकीत वाढतं, ताटाएवढं होतं, पाणी घाण करतं, दोन-तीन दशकं जगतं. कंटाळलेलं घर मग त्याला पुण्य म्हणून नदीत सोडतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राला पाणी देणारी गोदावरी तशीच खाली वाहत नांदूर मध्यमेश्वरला जाते, महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर पाणथळीत, जिथे हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी उतरतात. लाल पट्ट्याचं कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहे. ते देशी कासवांची उन्हाची जागा बळकावतं, खाणं संपवतं. आणि दक्षिण भारतातल्या नद्यांमध्ये लेथचं मऊ पाठीचं कासव आहे, जे दुसऱ्या कुठल्याच देशात नाही आणि आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. २०२२ च्या दुरुस्तीत अशा आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार आणि ताबा रोखायचा अधिकार केंद्राला मिळाला आहे. तो नेटानं वापरला जावा.

तुमच्या घरात परदेशी पक्षी, कासव, साप किंवा मासा असेल, तर आजच त्याचं शास्त्रीय नाव शोधा आणि चौथ्या अनुसूचीत ते आहे का ते बघा. घ्यायच्या बेतात असाल, तर किमतीआधी विक्रेत्याकडे नोंदणीचा कागद आणि पायातल्या कडीचा क्रमांक मागा. कागद नंतर देतो म्हणाला, तर तिथूनच परत या. सांभाळणं जमेनासं झालं तर त्याला गोदावरीत, विहिरीत किंवा झाडावर सोडू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.